एकच गैरहजेरी

लातुरात गल्लोगल्ली कोचिंग क्लास निघत होते तेव्हा मी नांदेडात बसून त्यांतल्या एकासाठी वेब-सेवा लिहिली. मूल वर्गात आलं नाही की गावाकडे वडिलांच्या मोबाइलवर मेसेज जायचा. पाच गैरहजेऱ्या भरल्या की मूल पहिल्या बॅचमधून आपोआप खाली जायचं. आई लातुरात खोली करून लेकराला रांधून घालते आणि वडील गावी, अशी कितीतरी घरं होती. त्या वडिलांना हा मेसेज म्हणजेच लेकराची खबर.

जावा या संगणकभाषेत अशा सेवा लिहायला जॅक्स-आरएस नावाची प्रमाणित पद्धत आहे. प्रत्येक नोंदीला वेबवर पत्ता द्यायचा आणि तिथे काय करायचं ते ठरलेल्या शब्दांत सांगायचं. ‘पोस्ट’ म्हणजे नवी नोंद घाल. ‘पुट’ म्हणजे या पत्त्यावरची नोंद अशी ठेव; कितीदा सांगितलं तरी ती एकच राहते. गैरहजेरीला पुट हवं, हे मला माहीत होतं. पण मग प्रत्येक मुलाच्या प्रत्येक दिवसाला वेगळा पत्ता द्यावा लागला असता. मी पोस्ट लिहून मोकळा झालो.

एके दिवशी क्लासच्या संचालकांनी तातडीने बोलावलं. बिलोलीहून आलेले एक वडील ऑफिसात बसले होते.

“एकामागं एक पाच मेसेज आले, सायेब. पोरीला एक दिवस ताप होता, तेवढाच. आता म्हणून राहिले, खालच्या बॅचला बसवा. रविवारची मोठी टेस्ट त्या बॅचला न्हाई.”

“काका, कॉम्प्युटरची काय तुमच्या पोरीशी दुश्मनी हाय का?” संचालक म्हणाले.

मी हजेरी भरणाऱ्या ताईंकडे गेलो. ताई त्र्याण्णवच्या भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या एका गावच्या.

“नेट ये-जा करून राहिलं. नुसतं गोल फिरून राहिलं. म्हणून पुन्हा दाबलं.”

“किती वेळा?”

“पोचेपर्यंत. भूकंपानंतर एकदाच अर्ज देऊन कुणाला घर भेटलं का, सर? देत राहावं लागतं.”

नोंद दर वेळी पोचत होती, फक्त उत्तर परत येत नव्हतं; आणि माझ्या पोस्टमुळे प्रत्येक दाबण्याची एक नवी गैरहजेरी झाली होती. मी त्याच भागातला. पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना आईबरोबर मीही सरकारी कचेरीच्या खिडकीशी घराचा तोच अर्ज घेऊन पुन्हा पुन्हा उभा राहिलो होतो. उत्तर आलं नाही की आमचा हात पुन्हा पुढे जातो, हे दुसऱ्या कुणाला नाही तरी मला कळायला हवं होतं. माझ्या आळसापायी एका पोरीची टेस्ट जाणार होती.

संचालकांना म्हणालो, “चूक माझी आहे. मुलगी एकच दिवस गैरहजर होती. तिला आजच वर बसवा.”

“आणि बाकीची पोरं? अजून किती जणांचं असं झालंय?”

“ठाऊक नाही. सगळ्या नोंदी तपासतो.”

“टेस्टच्या आधी नाही झालं तर काम दुसऱ्याला देईन.”

“द्या. पण मुलगी वर बसेल.”

ती वर बसली. मी तिथेच ठाण मांडलं. मूल आणि तारीख मिळून एक पत्ता केला, पोस्ट काढून पुट घातलं, जुन्या जादा नोंदी शोधून पुसल्या. आणखी दोन मुलं त्यात सापडली. त्यांच्या घरी मीच फोन केला. शिव्या खाल्ल्या.

शनिवारी बदललेली सेवा चालवून बघायची होती. बिलोलीचे ते वडील अजून गावी गेले नव्हते. त्यांच्या मोबाइलवर मेसेज पाठवू का, असं विचारलं.

“पाठवा. पण माझ्या पोरीला पुन्हा गैरहजर करू नका. तुम्हीच व्हा.”

मी विद्यार्थी म्हणून माझं नाव घातलं. ताईंनी बटण दाबलं. वडिलांच्या हातातला फोन वाजला.

“अजून दाबा,” ते म्हणाले.

ताई दाबत राहिल्या. फोन गप्प होता. तो खिशात टाकून ते म्हणाले, “बिलोलीची गाडी किती वाजता हाय?”