लिलीचं वाण

आमची आई भित्री होती. तिच्याबद्दल लोक पुष्कळ चांगलं सांगतात आणि ते खरंही आहे. पण हे कुणी सांगत नाही, म्हणून मी आधी सांगून टाकते. पाल, अंधार, घरमालक, यांतल्या कशालाच ती भ्यायची नाही. तिला भीती फक्त लोक काय म्हणतील याची. त्या भीतीपायी तिनं एकदा जे केलं, त्याची लाज तिनं पुढे वर्षानुवर्षं अंगावर वागवली.

वसुधा आगटे तिचं नाव. माहेर मिरजेचं. बाबा लखनौच्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते, म्हणून लग्न झाल्यावर ती थेट इकडे आली. आलमबागेत मिश्राजींच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला होता. वर मोठी गच्ची होती, पण मिश्राजींची अट होती की गच्चीवर वाफे करायचे नाहीत, छत गळेल. आई म्हणाली, ठीक आहे, वाफे नाही करत. मग तिनं डबे जमवायला सुरुवात केली. डालड्याचे डबे, कडी तुटलेली बादली, मान तुटलेली सुरई, मिश्राजींच्याच स्कूटरच्या बॅटरीचं खोकं. प्रत्येकाच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडायची, भोकावर कौलाचा तुकडा ठेवायचा आणि वर माती. गच्ची म्हणजे भंगारवाल्याचं दुकान झालं आहे, असं बाबा म्हणायचे.

लिली तिला सापडली चौऱ्याहत्तर साली, आणि सापडली तीही उकिरड्यावर. आमच्या मागच्या गल्लीत एक जुना बंगला पाडला होता. त्याच्या बागेतले गड्डे विटामातीबरोबर रस्त्याकडेला फेकलेले होते. सगळा उन्हाळा ते तिथे पडून होते. लखनौची लू, ते भाजून काढणारं वारं, म्हणजे काय ते ज्यानं सोसलंय त्यालाच कळेल. आईनं ते पदरात भरून आणले. बाबांनी एक हातात घेऊन दाबून पाहिला आणि म्हणाले, "सुकलेत गं, टाक." आईनं नाही टाकले. पुढच्या एप्रिलमध्ये त्यातल्या एकेकाला हातभर दांडा फुटला आणि टोकाला ताटलीएवढी लाल फुलं आली. बाबा त्या दिवशी संस्थेत उशिरा गेले.

तेव्हापासून तिला लिलीचं वेडच लागलं. लिलीला ऐसपैस जागा लागत नाही, उलट जरा दाटीवाटीत ती जास्त फुलते, हे तिला डब्यांनीच शिकवलं. गड्ड्याची मान मातीच्या वर ठेवायची आणि थंडी सुरू झाली की पाणी तोडायचं. पानं पिवळी पडतात, गळतात, डब्यात नुसती माती दिसते. लोक मेलं समजून फेकून देतात, असं म्हणून ती चुकचुकायची. आमच्या गच्चीवर हिवाळ्यात मातीचे डबे बघून पाहुणे बुचकळ्यात पडायचे आणि आईला त्यात मोठी मजा वाटायची.

ऐंशी सालचा जानेवारी. संक्रांतीला तिनं वाण म्हणून लिलीचे गड्डे लुटायचं ठरवलं होतं. डब्यांत फार गर्दी झाली होती, म्हणून काही गड्डे काढून, मुळं कापून, वरची तपकिरी सालं सोलून तिनं स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेल्या टोपलीत वाळायला ठेवले होते. त्याच खुंटीला खाली कांद्याची टोपली टांगलेली असे. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी माझ्या मोठ्या बहिणीला, हेमाताईला, बघायला मंडळी येणार असा निरोप आला. स्थळ कानपूरचं होतं. मुलगा धनंजय वायुदलात होता. त्याची आई चंद्रप्रभाबाई, वडील आणि तो, असे तिघंच येणार होते. लखनौ-कानपूरकडे मराठी घरं ती किती असणार! त्यात असं स्थळ, म्हणजे आईला दोन रात्री झोप नाही. तिनं घर धुऊन काढलं, टोपल्या उतरवल्या, पुसल्या, परत भरल्या. त्या गडबडीत काय कुठे गेलं ते तिलाही कळलं नाही.

पोहे तिनंच केले. ताईला तेव्हा धड चहाही करता येत नव्हता, एम.एस्सी.चा अभ्यास चालला होता. पण बश्या पुढे ठेवताना आई म्हणाली, "पोहे हेमानंच केलेत हं." आता यात खोटं बोलणं असं काही नसतं. मुलगी दाखवताना सगळ्याच आया हे म्हणतात आणि मुलाच्या आयाही तसंच म्हणून इथवर आलेल्या असतात. चंद्रप्रभाबाईंनी पहिला घास घेतला आणि क्षणभर थांबल्या. पोहे कडसर लागले असणार. पण इतकी वर्षं इकडे राहून त्यांच्या अंगात इकडची रीतभात मुरलेली होती, पुढ्यात आलेलं नाकारायचं नाही. तिघांनी बश्या रिकाम्या केल्या. आमच्यापैकी कुणी खाल्ले नाहीत, कारण पाहुण्यांबरोबर आपण खायचं नसतं.

मग मोठ्यांनी ताईला आणि धनंजयला गच्चीवर पाठवलं, आणि पाठोपाठ मला. मी सहावीत होते, माझं काम लक्ष ठेवायचं. धनंजयनं डबे पाहिले आणि विचारलं, "यात काय आहे? नुसती माती?"

"सो रहे हैं," ताई म्हणाली. घरात मराठी बोलायची, पण लाजली की तिला हिंदी सुचायचं. "अप्रैल में आइए, तब देखिए."

"ज़रूर आऊँगा," तो म्हणाला. ताईच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. तेवढ्यात खालून कुणीतरी ओकत असल्याचा आवाज आला आणि धनंजयही एकदम कठडा धरून खाली बसला.

गल्लीतले डॉक्टर आले. काय खाल्लं, त्यांनी विचारलं. आई स्वयंपाकघरात गेली, टोपल्या पाहिल्या आणि बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. लिलीचा गड्डा पोह्यांत गेला, एवढं ती कसंबसं बोलली. डॉक्टर म्हणाले, पोटाला त्रास होईल, मीठसाखरेचं पाणी पाजत राहा, संध्याकाळपर्यंत उतरेल. तसंच झालं, जिवाला काही झालं नाही. पण चंद्रप्रभाबाई आमच्या दिवाणावर पडल्या होत्या, ताई त्यांना पाणी पाजत होती, आणि त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "कांदे कोणी चिरले?"

आई जमिनीकडे बघत होती.

"मी," ताई म्हणाली.

मला तेव्हा ते खरंच वाटलं. बाबांनाही. आई काही बोलली नाही.

स्थळ अर्थातच मोडलं. लोकांच्या आजारपणाचं हसू व्हायला फार दिवस लागत नाहीत. कांदा आणि लिलीतला फरक न कळणारी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी, ही गोष्ट महाराष्ट्र मंडळात, तिथून कानपुरात, तिथून कुठे कुठे गेली. ताईला 'लिलीवाली' म्हणू लागले. पुढे जी दोन-तीन स्थळं निघाली, त्यांच्या कानावर आधीच सगळं गेलेलं असायचं. ताई एम.एस्सी. झाली, मुलींच्या कॉलेजात शिकवू लागली, आणि कुणी चेष्टा केली की आपणही हसायची. ते हसणं तिनं शिकून घेतलं होतं.

आईनं टोपलीतले गड्डे नाल्यात टाकले. गच्चीवरचे सगळे डबे ओढत नेऊन पाण्याच्या टाकीखाली, अगदी भिंतीशी सारून दिले आणि पुन्हा त्यांना थेंबभर पाणी घातलं नाही. मंडळात गेलीच तर शेवटच्या रांगेत, दाराशी बसायची. कुणी पोह्यांचा विषय काढला तर खाली मान घालून साडीची निरी सारखी करत राहायची. लोकांना वाटायचं, लेकीची लाज वाटते बिचारीला. आमच्या घरात त्या दिवसानंतर पोहे झाले नाहीत. बाबांनी एकदा मागितले, तर ती उठून गच्चीवर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही.

अशी चार वर्षं गेली. चौऱ्याऐंशीच्या एप्रिलमध्ये टाकी बदलायला माणसं आली आणि मिश्राजींच्या बायकोनं वरून हाक मारली, "भाभीजी, ऊपर आइए! आपके डिब्बों में फूल आ गए!"

आम्ही तिघी वर गेलो. टाकीच्या जोडातून पाणी ठिबकत असणार, तेवढ्यावर ते जगले होते. डबे गंजून गेले होते. आतल्या गड्ड्यांनी इतकी पिलावळ वाढवली होती की डब्यांचे सांधे उसवून पांढरे गड्डे बाहेर डोकावत होते. उजेडाच्या बाजूला वाकलेले दांडे आणि त्यांवर लाल फुलं. आई तिथेच मटकन बसली. तिला आनंद झाला नाही, हे मी शपथेवर सांगते. आपण मारायला ठेवलेलं कुणी परत येऊन समोर उभं राहावं, तशी ती बघत होती.

ताईनं एक डबा उचलला. "आज मंडळाचं हळदीकुंकू आहे ना? गौरीपुढे ठेवू."

"नको गं," आई म्हणाली. "लोक हसतील."

"हसने दो. चार साल से हँस ही रहे हैं."

चैत्रगौरीपुढे तो गंजका डबा ठेवला तेव्हा बायकांत कुजबुज झाली. आंब्याची डाळ वाटता वाटता पद्मिनीकाकू, मंडळातल्या सगळ्यात बोलक्या, मोठ्यानं म्हणाल्या, "हेमा, डाळीत नाही ना घातलास एखादा?" सगळ्या हसल्या. ताईही हसली, तेच शिकलेलं हसू. आई दाराशी बसली होती. तिनं ताईचं ते हसू पाहिलं आणि हातातली वाटी खाली ठेवून उभी राहिली.

"कांदे मी चिरले होते," ती म्हणाली.

पद्मिनीकाकूंना कळेना. "कुठले कांदे?"

"त्या दिवशीचे. पोहे मी केले होते. हेमा स्वयंपाकघरात आलीसुद्धा नव्हती. चिरताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मला बरंच वाटलं, म्हटलं, आज डोळे लाल व्हायचे नाहीत." तिचा आवाज फुटत होता, पण ती थांबली नाही. "विचारलं तेव्हा हेमानं स्वतःवर घेतलं आणि मी घेऊ दिलं. मी आई आहे तिची, आणि मी गप्प बसले."

मी ताईकडे बघितलं. ती डब्याकडे बघत होती. मला त्या क्षणी आईचा इतका राग आला की तिथून निघून जावंसं वाटलं.

पुढच्या रांगेत चंद्रप्रभाबाई होत्या. कानपूरहून लखनौतल्या बहिणीकडे आल्या होत्या, हे आम्हांला ठाऊक नव्हतं. त्या सावकाश म्हणाल्या, "मला माहीत होतं, वसुधाबाई."

आईनं वर बघितलं.

"तुमची मुलगी मला पाणी पाजत होती. पेला माझ्या तोंडाशी होता. तिच्या हाताला फोडणीचा, हळदीचा, कशाचाच वास नव्हता." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हे जास्त वाईट होतं. "धनंजयला मुलगी पसंत होती. मलाही. आजारपणाचं काय, उतरलं ते. पण पोरीला पुढे करून आई गप्प बसते, त्या घराशी मला सोयरीक नको वाटली. आता त्याचं लग्नही झालं."

त्यानंतर कुणी हसलं नाही. आईनं हळदीकुंकू लावून घेतलं नाही, ओटी घेतली नाही. आम्ही निघालो.

सायकलरिक्षात आई मध्ये, मांडीवर डबा. चारबाग स्टेशनपर्यंत ती नुसती रडत होती. मग म्हणाली, "हेमा, मी तुझं वाटोळं केलं."

"धीरे बोलो, रिक्शेवाला सुन रहा है," ताई म्हणाली. आणि जरा वेळानं, मराठीत, अगदी साध्या आवाजात, "मला वाटलं होतं, तू लगेच बोलशील. तू घाबरलीस म्हणून मी फक्त मध्ये बोलले गं. मला वाटलं, आता आई म्हणेल, नाही हो, मी चिरले. डॉक्टर गेले. ती मंडळी गेली. रात्री तू माझं पांघरूण सारखं केलंस. तेव्हासुद्धा मी जागी होते."

आईनं मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

त्या पावसाळ्याआधी तिनं सगळे गड्डे सुटे करून नव्या डब्यांत लावले. पण कौतुक करायला कुणी आलं तर आता ती फुलांबद्दल बोलत नसे. "या गड्ड्यांनाच विचारा, किती छळलंय मी," एवढंच म्हणायची.

पुढच्या जानेवारीत ताईला बघायला एक कुटुंब आलं. आईनं बश्या ठेवल्या. प्रत्येक बशीतला एकेक चमचा आधी आपल्या तळहातावर घेऊन सगळ्यांसमोर खाल्ला आणि म्हणाली, "पोहे मी केलेत. हेमाला पोहे येत नाहीत. ऐंशी सालचे ते पोहेसुद्धा माझेच होते. तिनं फक्त मला सांभाळून घेतलं." बाबांनी डोळे मिटून घेतले. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले.

ते स्थळ जमलं नाही. त्यांना म्हणे मुलगी उंच हवी होती. ते गेल्यावर आई दिवाणावर बसून राहिली. पुन्हा आपल्यामुळेच मोडलं, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. आतून भांड्याचा आवाज आला म्हणून ती उठली, मीही मागे गेले.

ताई ओट्याशी उभी होती. कढई पुढ्यात ओढून, बशीसुद्धा न घेता, ती उरलेले पोहे खात होती. "आई," ती तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "थोडं लिंबू दे."

आईला लिंबू सापडेना. ते तिच्या समोरच टोपलीत होतं.