हिंगमच्या बाई

समोर अमेरिकन माणूस आला की बाई त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरायच्या आणि पहिलाच प्रश्न विचारायच्या, "गाव कुठलं?" तो शिकागो किंवा कॅलिफोर्निया म्हणाला, तर "छान आहे हं" म्हणून हात सोडून द्यायच्या. पण नॉर्विच, यार्मथ, लिन असं काही कानावर पडलं की हात सुटायचा नाही. "आमचंच ते," त्या म्हणायच्या, आणि तो माणूस पुढचा अर्धा तास अडकायचा.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. पुण्याच्या लग्नात भेटलेल्या अनोळखी माणसाला दोन प्रश्नांत आपल्या आत्याच्या सासरपर्यंत नेऊन पोचवणारी. बाईंचं तेच होतं, फक्त त्यांचं नातं जोडायचं क्षेत्र अटलांटिक महासागराएवढं होतं.

मी १९९३ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे योकोहामाला आले. मुलगी शाळेत रमली, घरी जपानीत उत्तरं द्यायला लागली, तेव्हा मीही आरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, शोधलं. स्टेशनजवळ इंग्रजी संभाषणाचे वर्ग चालायचे, तिथे मी नवशिक्यांना शिकवायचे. बाई तिथल्या सगळ्यात जुन्या शिक्षिका. साठीच्या आसपासच्या, उंच, थोड्या वाकलेल्या. नवरा जपानी, बोटीवर इंजिनियर होता. तो गेल्यावरही त्या टेकडीवरच्या छोट्या घरात एकट्या राहत होत्या. कचऱ्याच्या वर्गीकरणात एक बाटली इकडची तिकडे झाली, तर सगळ्या गल्लीला अस्खलित जपानीत ऐकवायच्या.

त्या इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातल्या. हिंगम त्यांचं गाव. सतराव्या शतकात त्या गावातली कितीतरी घरं आपल्या धर्मगुरूपाठोपाठ जहाजात बसली आणि अमेरिकेला गेली. मागे राहिलेल्यांना शेतं नांगरायला माणसं पुरेनात. गेलेल्यांनी बॉस्टनजवळ वस्ती केली आणि तिलाही हिंगमच म्हटलं. नॉर्विच, यार्मथ, लिन ही नावंही अशीच नॉरफकहून तिकडे गेलेली. पुढे त्यांच्याच एका घराण्यात अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष जन्मला. बाई हे अशा सुरात सांगायच्या, की जणू जहाज कालच सुटलंय आणि त्या नुकत्याच बंदरावरून परतल्यात.

माझ्या आडनावावर त्यांचा फार जीव. जपानी विद्यार्थी "कोतावादेकारु-सान" म्हणताना धापा टाकायचे. पण कोतवडं हे गाव आहे आणि "कर" म्हणजे तिथला, हे कळल्यावर बाई खुर्चीत सरळ होऊन बसल्या. "म्हणजे तुमचे लोकसुद्धा निघताना गाव बरोबर घेतात," त्या म्हणाल्या. मी कोतवडं कधी पाहिलं नाही, हे मात्र त्यांना मुळीच पटलं नाही.

एका वसंतात आमच्याकडे एक नवी शिक्षिका आली. अमेरिकन, नवरा त्यांच्या नौदलात. बाईंनी नेहमीप्रमाणे तिचे हात धरले आणि गाव विचारलं. ती म्हणाली, "हिंगम. बॉस्टनजवळ आहे, तुम्हाला माहीत नसेल."

बाई हात तसेच धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी एक आडनाव उच्चारलं आणि विचारलं, त्या घरातलं कुणी अजून तिथे आहे का? त्या घरचा एक मुलगा लढाईत विमानावर होता.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर बाईंनी आम्हा दोघींना ती हकिगत सांगितली. त्याआधी त्यांनी ती नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

महायुद्धात नॉरफकच्या शेतांवर अमेरिकन विमानतळ झाले होते. बाई तेव्हा नऊ वर्षांच्या. विमानतळावरचा एक तरुण सायकलची साखळी तुटली म्हणून गावच्या लोहाराकडे आला. नाव सांगितलं, तेव्हा लोहाराने हातोडा खाली ठेवला. दोघांचं आडनाव एकच होतं. बाई तिथेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, आडनावाचं सोडा, दोघांचे कानही सारखेच बाहेर आलेले होते. तीनशे वर्षांपूर्वी जहाजावर चढलेलं घर असं सायकल ढकलत परत आलं होतं.

साखळी जोडून झाल्यावर तरुणाने चर्च कुठे आहे विचारलं. बाईंनी त्याला नेलं, त्याच्याच सायकलच्या दांडीवर बसून. चर्चपाशी त्याने हातमोजा काढला, भिंतीवर तळवा टेकवला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. निघताना एवढंच म्हणाला, "तिला सांगायला हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानं गेली. त्याचं विमान परत आलं नाही.

"ती म्हणजे त्याची मैत्रीण असणार," बाई आम्हाला म्हणाल्या. "तिला कुणी सांगितलं असेल का, हे मला कधी कळलं नाही. आणि नऊ वर्षांच्या मुलीला कोण विचारणार?"

ती अमेरिकन मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी गेली आणि तिने ते घर शोधून काढलं. तिथे त्या तरुणाची धाकटी बहीण राहत होती, सत्तरीला आलेली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि जपानला यायला किती वेळ लागतो, एवढंच विचारलं.

ऑक्टोबरात ती आली. बाईंनी मलाही बोलावलं, बहुधा चहा करायला कुणी असावं म्हणून. पाहुणीचे गुडघे दुखत होते, ताटामीच्या चटयांवर बसणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसलो. दोघी आधी विमानप्रवासाबद्दल बोलल्या, मग योकोहामाच्या चढांबद्दल. मग पाहुणीने कप बाजूला सरकवला.

तिने सांगितलं की त्यांची आजी फार जुन्या वळणाची होती. नातवाचं विमान इंग्लंडला जाणार म्हटल्यावर तिने त्याला एकच काम सांगितलं होतं: आपली माणसं ज्या चर्चमधून निघाली, त्याच्या भिंतीला हात लाव. आमच्या सगळ्यांच्या वतीने. तो गेल्याची तार आली, तरी आजी मरेपर्यंत घरच्यांना विचारत राहिली, की तो तिथे पोचला होता का? कुणाकडेच उत्तर नव्हतं.

"ती म्हणजे आजी," बाई हळूच म्हणाल्या.

"पोचला होता का तो? तुमच्या तोंडून ऐकायचंय," पाहुणी म्हणाली.

"पोचला होता. मीच त्याला घेऊन गेले होते."

पाहुणी रडली नाही. तिने विचारलं, हात कसा ठेवला होता? बाई उठल्या. फ्रिजशेजारच्या भिंतीपाशी गेल्या, पाठ शक्य तितकी ताठ केली आणि हात डोक्याच्याही वर नेऊन तळवा टेकवला. "इथे. तो उंच होता." पाहुणी कष्टाने उठली आणि तिने आपला हात त्यांच्या हाताशेजारी ठेवला. दोन म्हाताऱ्या बायका त्या भिंतीला हात लावून उभ्या होत्या, आणि खाली रस्त्यावरून सायकलवाला तोफू विकत चालला होता.

मी केटली हातात घेऊन थिजले होते. भारत, इंग्लंड, अमेरिका, सगळं मी नकाशावर पाहिलं होतं. पण एका म्हातारीचा एक प्रश्न समुद्र ओलांडतो, ती गेल्यावरही जिवंत राहतो आणि पन्नास वर्षांनी जपानमधल्या एका स्वयंपाकघरात त्याला उत्तर मिळतं, हे माझ्या कल्पनेबाहेरचं होतं. आजही ते मला नीटसं पेलत नाही.

दोन वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. नॉरफकला त्यांची भाची होती, तिने बोलावून घेतलं. आयुष्यात त्या अमेरिकेला कधी गेल्या नव्हत्या. या वेळी अमेरिकेवरून जाणार होत्या. विमानतळाच्या बसपाशी मी त्यांना सोडायला गेले, तेव्हा त्यांनी मला जवळ घेतलं आणि केसांवरून हात फिरवला. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. बस सुटली तेव्हा त्या खिडकीतून हात हलवत नव्हत्या. चालकाला जपानीत काहीतरी समजावून सांगत होत्या.

पुढचं मला त्या अमेरिकन मुलीने फोनवर सांगितलं. रविवारी ती बहीण बाईंना तिकडच्या हिंगममधल्या आपल्या चर्चमध्ये घेऊन गेली. तिथे जुन्या घराण्यांचे ठरलेले बाक असतात. यांच्या बाकाच्या टोकाला, दाराजवळ, तो तरुण बसायचा. युद्धानंतर त्या जागेवर घरातलं कुणी बसत नव्हतं. लग्नकार्यात गर्दी झाली, तरी नातवंडं मागे उभी राहायची. बहिणीने त्या जागेवरची धूळ हातरुमालाने पुसली आणि बाईंना तिथे बसवलं.