हात द्या, साहेब

"हात द्या, साहेब," म्हणत मावशी रोज सकाळी चिनी मातीच्या हातांशी हस्तांदोलन करायच्या. एकेक बोट अंगठ्याने चाचपायचं, तळवा उलटा करायचा आणि निकाल द्यायचा. "साहेब फिट!" किंवा "साहेब, तुम्ही घरी जा."

तलासरीजवळच्या आमच्या कारखान्यात रबरी हातमोजे बनतात. हे हात म्हणजे मोज्यांचे साचे; साखळीवर लावले की ते रबराच्या चिकात बुडतात, भट्टीतून फिरतात, मोजा सोलून काढल्यावर आम्लाने धुतले जातात. एवढं सोसून चिनी माती ना गंजते, ना वाकते. पण बोटावर मोहरीएवढा टवका उडाला, तरी तिथे मोज्याला भोक पडतं.

मी लाइनची सुपरवायझर. मला वेळेत लाइन सुरू हवी. आगर गावाहून बसने येणाऱ्या मावशींना कसलीच घाई नाही.

"मावशी, हात तपासताय की भविष्य बघताय?"

"भविष्यच! माझी सून नर्स आहे, ताई. मोजा तिच्याच हातात जाणार, असं धरून बघते."

एकदा तपासणीसाठी पाणी भरून टांगलेले काही मोजे करंगळीतून गळू लागले. माल थांबवला, शोध घेतला. एका हाताच्या करंगळीला टवका होता. मावशींनीच सकाळी 'फिट' म्हटलेला हात.

त्यांनी करंगळी चाचपली. पुन्हा चाचपली. मग हात उजेडात धरला.

"दिसतोय, ताई. पण बोटाला लागत नाही." हात खाली ठेवत म्हणाल्या, "साखरेच्या आजाराने बोटं बधिर झालीत. माशाचा काटा रुतला तरी कळत नाही. आजपासून मी 'फिट' म्हणणार नाही."

"पॅकिंगला बसा ना. पगार तोच राहील."

"आधी माझ्या जागेवर माणूस बसवते."

त्यांची परीक्षा त्यांच्यासारखीच. टेबलावर डोक्याचा एक केस ठेवायचा, वर मोजा पसरायचा. "डोळे मिटा आणि केस शोधा!" लाइनवरच्या बायका हसून हसून हरल्या. रानशेतच्या एका वहिनीने मात्र मोज्यावरून बोट फिरवलं आणि नेमकं केसावर थांबवलं. महिनाभर मावशी तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. पॅकिंगला बसल्याच नाहीत.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी आम्ही त्यांना साडी दिली. त्यांना आणखी एक वस्तू हवी होती.

"तो टवक्याचा हात द्याल? अंगणात बोंबील वाळत घालते, कावळे फार येतात. बांबूवर उभा करीन."

गेट पासवर मी सही केली. बस आली. मावशींनी चिनी मातीचा हात हातात घेतला, करंगळीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "चला साहेब, आपण दोघं घरी जाऊ."