लेकीच्या डोळ्यांवरचा फोकस

फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या बाबांच्या नजरेच्या मधोमध काळा डाग वाढत चालला होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. अशात लेक नोकरीसाठी दूर निघाली. जाण्याआधी तिचा एक फोटो त्यांना आपल्या जुन्या, लाडक्या लेन्सनेच काढायचा होता.

या लेन्सचा मूळ, रीळ घालायचा रेंजफाइंडर कॅमेरा केव्हाच निकामी झाला होता. म्हणून त्यांनी अ‍ॅडॉप्टरची कडी लावून ती छोट्या मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर चढवली होती. फोकस मात्र लेन्सवरची कडी फिरवून हातानेच करावा लागे. जे स्पष्ट, त्याच्या कडा पडद्यावर लाल दिसत.

"बाबा, फोनवर काढू या ना," लेक म्हणाली.

"फोन स्वतःच बघतो गं. मला बघायचंय तुला."

डागाच्या बाजूने दिसावं म्हणून ते कोंबडीसारखी मान वाकडी करून पडद्याकडे बघू लागले. लेकीला हसू फुटलं.

"हलू नकोस!" ते ओरडले. लेकीने श्वास रोखून धरला.

शेवटी बायको त्यांच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली. "अजून थोडं फिरवा... आलं लाल, डोळ्यांवर आलं!"

त्यांनी बटण दाबलं, पण तेवढ्यात लेक श्वास सोडून किंचित पुढे झुकली होती. फोटोत कान लख्ख आले, डोळे धूसर.

"छान आलाय हो," बायको म्हणाली. तिचा आवाज ऐकूनच त्यांना खरं काय ते कळलं.

खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता. लेकीने बॅग उचलली.

"एकदाच बस," ते काकुळतीला येऊन म्हणाले. "शेवटचा."

लेक बॅग मांडीवर घेऊन पुन्हा बसली. पण लाल कडा आता तिच्या डोळ्यांवर ठरेनात; ते फोकसची कडी पुढे-मागे फिरवतच राहिले आणि खाली पुन्हा हॉर्न वाजला.