सख्ख्या दिराची गिटार

वहिनींना बाजारात सगळेच वहिनी म्हणतात. खरं तर हे नातं एकट्या धाकट्या दिराचं. पण जुन्या इलेक्ट्रिक गिटारी जमवणारी, विकणारी आणि त्यांच्यावरून हमरीतुमरीवर येणारी जी मंडळी आहेत, त्यांना वहिनींच्या टेबलापर्यंत पहिल्यांदा आणलं ते त्यानंच. त्याची हाक सगळ्यांच्या तोंडी बसली. आता वडिलांच्या वयाचे संग्राहकही जिना चढून, धापा टाकत विचारतात, "वहिनी आहेत का?"

चपलांच्या दुकानावरची ती खोली. खिडकीशी टेबल, त्यावर जाड लोकरी कापड, बाजूला भिंग आणि जांभळ्या उजेडाचा दिवा. लग्न होऊन वहिनी या घरात आल्या तेव्हा बाहेरच्या खोलीत दिराच्या बँडची तालीम चालायची आणि अ‍ॅम्प्लिफायर गाण्यापेक्षा जास्त घुमायचा. वहिनींच्या माहेरी रेडिओ दुरुस्तीचं दुकान. नव्या नवरीनं काही दिवस कळ सोसली, मग माहेरून सोल्डरिंग आयर्न मागवलं आणि सुटलेली तार जोडून टाकली. घुमणं थांबलं.

"आता तुमचं बेसूर वाजवणं स्वच्छ ऐकू येईल, भावजी," त्या म्हणाल्या.

दीर हसून हसून लोळला आणि त्या दिवसापासून ओळखीच्या प्रत्येकाची गिटार वहिनींकडे आणू लागला. उघडता उघडता वहिनी शिकल्या. तारा जोडणारं जुनं सोल्डर राखेसारखं निस्तेज होतं, नवं चमकतं. जुनं रोगण जांभळ्या दिव्याखाली पिवळसर हिरवं उजळतं, मागाहून मारलेला रंग काळा पडून राहतो. माणसाच्या बोटांनी झिजलेलं लाकूड आणि कानशीनं झिजवलेलं लाकूड यांत बोलण्याचा आणि बरळण्याचा फरक असतो. पुढेपुढे वहिनींनी अस्सल म्हटलं की अस्सल, असं झालं. मालकाला त्या आधी बोलू देत नसत. "गोष्ट नंतर. आधी तिला बघू दे."

फक्त एक गिटार त्यांच्या टेबलावर कधी आली नाही. दिराची स्वतःची. एका हॉटेलच्या बँडमधला वादक गाव सोडून जात होता, तेव्हा ती दिरानं त्याच्याकडून घेतली होती. मधाच्या रंगाची, कडेला काळपट होत गेलेली. ती त्या बनावटीच्या पहिल्या खेपेतली, जशी कारखान्यातून निघाली तशी, असं तो वर्षानुवर्षं छाती ठोकून सांगे. "माझी सोडून सगळ्यांच्या उघडा, वहिनी. तिला काय बघायचंय? सूर्याला कुणी दिवा दाखवतं का?" वहिनीही आग्रह करत नसत. मागचा पिकअप, म्हणजे तारांखालचं आवाज टिपणारं वेटोळं, त्यांच्या कानाला पहिल्यापासून थोडं परकं वाटे. पण कानाची शंका कानातच बरी.

मग संग्राहकांनी जुन्या गिटारींचं प्रदर्शन ठरवलं. दिराच्या गिटारीला मधली जागा मिळणार होती. अट एकच, शेजारच्या पाटीवर वहिनींची सही हवी. दीर गिटार घेऊन आला तो जिन्यावरूनच शीळ घालत. मागून त्याची बायको.

वहिनींनी पेटी उघडली आणि डोक्याला हात लावला. गिटारीचा धातू आरशासारखा लखलखत होता. स्क्रू कोरे करकरीत.

"अगं, हे काय केलंस?"

"टूथपेस्टनं घासलं, वहिनी," धाकटी जाऊ कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाली. "किती कळकट होती! एवढ्या लोकांत जायची, आणि गंजके स्क्रू?"

"पाहुणे यायचेत म्हणून आजोबांच्या सुरकुत्यांना इस्त्री करतात का गं कुणी?"

दिराचा चेहरा उतरला. "मी आंघोळीला गेलो होतो हो, वहिनी. तेवढ्यात हिनं तिलाही घातली."

नशीब एवढंच, की जावेच्या हातून काही फेकलं जात नसे. गंजके स्क्रू तिच्या बटणांच्या बरणीत सापडले. ती ते घेऊन येईपर्यंत वहिनींनी गिटारीची मान सोडवून ठेवली होती. वरचं सगळं पुसलं गेलं तरी आत टूथपेस्ट पोचत नाही. मानेच्या खाचेत मूळ रंग शाबूत होता, दिव्याखाली जुन्या रोगणासारखा उजळत होता. तारांवरचं कापड, बटणांची सोल्डरं, पुढचा पिकअप, सगळं निर्मळ जुनं. मग त्यांनी मागचा पिकअप उचलला आणि भिंग डोळ्याशी नेलं. सोल्डरवर सोल्डर. वेटोळ्याची तार पुढच्यासारखी गडद जांभळट नव्हती, तांबूस होती.

वहिनींनी भिंग खाली ठेवलं.

"भावजी, हा मागचा पिकअप कारखान्यातला नाही. कुणीतरी नंतर गुंडाळलाय. तुमच्या हातात यायच्याही आधी."

खाली दुकानदार कुणाला तरी मोठं माप दाखवत होता.

"एवढंच ना?" दीर शेवटी म्हणाला. "मग लिहू नका. तुमच्याशिवाय कोण उघडून बघणार आहे?"

"कुणीच नाही. म्हणून तर लिहायला हवं."

"मी घरचा आहे हो!"

"उद्या लोक म्हणतील, घरच्याची होती म्हणून पास केली. मग ज्यांच्या गिटारींना आजवर मी अस्सल म्हटलं, त्या सगळ्यांनी काय करायचं?"

दीर उठला. तो जिन्याच्या दारात असताना वहिनी म्हणाल्या, "एक सांगा. तुम्ही कायम मागच्याच पिकअपवर का वाजवता?"

"तो जरा तिखट बोलतो म्हणून," तो पाठमोराच म्हणाला. "पुढचा गोड आहे. गोड सगळ्यांकडेच असतं."

उत्तर देऊन तो क्षणभर तिथंच थबकला. मग गिटार तशीच टाकून उतरून गेला.

नंतर तो फिरकला नाही. जाऊ डबा द्यायच्या निमित्तानं येऊन सांगून गेली, "जेवतात, पण बोलत नाहीत." वहिनींनी मान बसवली, जुने स्क्रू लावले, तारा जुळवल्या आणि पाटीवर जे दिसलं ते लिहिलं: शरीर, मान, पुढचा पिकअप आणि बटणांच्या जोडण्या मूळच्या, मागचा पिकअप आणि त्याची जोडणी नंतरची, गुंडाळणारा अज्ञात, काम उत्तम. शेवटचे दोन शब्दही खरेच होते. खरे नसते तर त्यांनी ते लिहिले नसते. मग खाली सही केली. गिटार आयोजकांनी परस्पर नेली.

प्रदर्शनाला त्या मुद्दामच उशिरा गेल्या. दाराशी गर्दी होती. आतून ओळखीचा आवाज आला आणि त्या पाट्या वाचणाऱ्या माणसांच्या मागे उभ्या राहिल्या.

दीर इस्त्रीच्या शर्टात गिटारीशेजारी उभा होता आणि पाटी मोठ्यानं वाचून दाखवत होता. मागच्या पिकअपची ओळ आली तेव्हा त्यानं आवाज आणखी चढवला.

"म्हणजे पूर्ण अस्सल नाही?" एका संग्राहकानं विचारलं. शेजारची, "संपूर्ण मूळ" अशी पाटी मिरवणारी गिटार त्याची होती.

"नाही ना! सख्ख्या दिराची असून वहिनींनी सोडली नाही. मी हातापाया पडलो, रुसलो, तरी नाही." दीर अशा थाटात सांगत होता, जणू बक्षीसच मिळालंय. "जे अस्सल लिहिलंय ते किती अस्सल असेल, बघा आता. आणि तो मागचा आवाज म्हणाल, तर तो कारखान्याचा नाहीच. तो आमच्या बँडचा."

मग त्यानं शेजारच्या पाटीकडे वाकून पाहिलं.

"तुमची कुणी तपासली म्हणालात?"

संग्राहक खाकरला. "तशी गरज पडली नाही."

"पडेल," दीर म्हणाला आणि मान वर करताच त्याला गर्दीमागे वहिनी दिसल्या. "अहो, सरका जरा. वहिनींना पुढं येऊ द्या."

माणसं दोन्ही बाजूंना सरली. वहिनी ताठ मानेनं पुढं गेल्या आणि दिराच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.