पंचावन्न मिनिटांची वाट

"भिंती काय बघता, वाट मोजा. भिंतीला रंग देता येतो, वाटेला देता येत नाही." खोली शोधायला निघालेल्या प्रत्येकाला मिनिटकाका हे ऐकवायचे. ऐकणारा हसला तर पुन्हा ऐकवायचे.

एकतीस वर्षं ते बसच्या आगारात टाइमकीपर होते. फाटकाशी एक पत्र्याची खोली, तिला एक खिडकी. त्या खिडकीत बसून आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ त्यांनी लिहिली. ड्रायव्हर गयावया करायचे, "काका, दोन मिनिटं इकडची तिकडे करा की." काका मान वर न करता म्हणायचे, "गाडी तू इकडची तिकडे कर. मिनिटं माझी आहेत." तेव्हापासून हे नाव पडलं, ते निवृत्तीनंतरही सुटलं नाही.

आमच्या गल्लीत कुणाला नवी नोकरी लागली, कुणाचं बिऱ्हाड हलायचं असलं, की तो आधी काकांच्या पायरीवर येऊन बसायचा. काका त्याच्या कामाची वेळ विचारायचे आणि त्याच वेळेला, त्याच गाडीनं स्वतः जाऊन यायचे. एकदा नाही, तीनदा, आणि त्यातला एक दिवस सोमवार. खिशात बोटाएवढी पेन्सिल आणि कागदाची घडी. चालायचं किती, थांब्यावर उभं राहायचं किती, पुलावर गाडी अडकते किती, सगळं त्या कागदावर उतरायचं. "घरमालक म्हणतो दहा मिनिटं," ते सांगायचे. "त्याची दहा मिनिटं म्हणजे त्याच्या जावयाच्या मोटारसायकलची. तुझ्या पायाची पंचवीस धर." त्यांच्या आकड्यावर गल्लीतल्या निम्म्या लोकांनी घरं घेतली. माझा टेंपो आहे, त्यांतली बरीच बिऱ्हाडं मीच वाहिली. आकडा चुकला म्हणून परत आलेलं माणूस मी तरी पाहिलं नाही.

काकांना एकच लेक. काकू गेल्या त्याला चार वर्षं झाली होती. घरात दोघंच, बाप आणि लेक. गल्ली तिला ताई म्हणायची. तिला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात रक्त तपासायच्या विभागात नोकरी लागली. सकाळी सातला हजेरी, सहा महिने कच्ची नोकरी, मग पक्की. सोबतच्या मुली इस्पितळाजवळ खोली बघत होत्या. त्यांनी हिलाही विचारलं.

"बाबा, तुम्ही मोजून या," ताई म्हणाली. "तासाभराच्या आत असेल तर मी कुठेच जात नाही. इथूनच करीन."

काका तीन दिवस जाऊन आले. तिसऱ्या दिवशी परतले तेव्हा ती दारातच उभी होती.

"किती?"

"पंचावन्न मिनिटं," काका म्हणाले.

ताईनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि हसून म्हणाली, "सुटले बाई. सामान बांधायचं वाचलं."

खिशातल्या कागदावर एक तास पस्तीस मिनिटं लिहिलेली होती. हे मला त्यांनीच सांगितलं, पण फार नंतर.

ताई सहाला निघायची. पहिल्या दिवशी ती पोचली तेव्हा साडेसात वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशीही. मग तिनं पहिली गाडी धरली, पावणेसहाची. त्याच्याआधी गाडीच नव्हती. तरी सातच्या पुढे दहा मिनिटं व्हायचीच, आणि हजेरीचं पुस्तक सातला उचललं जायचं. पण बापाचा आकडा चुकला असेल, हे तिच्या मनाला शिवलंही नाही. पंचावन्न मिनिटांची एक वाट आहे, ती आपल्याला सापडत नाही, एवढंच तिनं धरलं.

"बाबा, दुसरी गाडी तुम्ही कुठे पकडलीत?"

"ती... बाजाराच्या थांब्यावर."

ती बाजाराच्या थांब्यावर उतरून बघायची. दुसऱ्या दिवशी एक थांबा अलीकडे, तिसऱ्या दिवशी एक थांबा पलीकडे. पुलावर गाडी अडकली की खाली उतरून चालायची. गल्लीतून निघायची ती पळतच. दूधवाला ओरडायचा, "ताई, मागे कुत्रं लागलंय की पुढे नवरदेव?" पहिले काही दिवस ती उलट टोमणा मारायची. पुढे पुढे नुसता हात हलवायची. संध्याकाळी घरी आली की ताटावरच डोळे मिटायची. काका तिच्या हाताला हळूच हात लावून जागं करायचे आणि म्हणायचे, "दोन घास खा गं."

पाचव्या महिन्यात इस्पितळातून लेखी ताकीद आली. एक महिना वेळेवर या, नाहीतर नोकरी पक्की होणार नाही.

ताईनं तो कागद बापासमोर ठेवला. ती रडली नाही. ओशाळल्यासारखं म्हणाली, "बाबा, रागावू नका. तुम्हाला सापडलेली वाट मला काही सापडत नाही. मी सगळं करून बघितलं. माझ्यातच काहीतरी कमी आहे. एक दिवस माझ्याबरोबर चला ना. दाखवा मला, मी कुठे चुकते."

काकांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"तू कुठेच चुकत नाहीस," ते म्हणाले. "अशी वाटच नाही. दीड तासाच्या वर वेळ लागतो. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

ताईनं ताकिदीचा कागद बाजूला सारला.

"मग पंचावन्न का सांगितलंत?"

"तू गेली असतीस."

"अहो, राहा म्हणायचं होतंत ना! तेवढंच म्हणायचं होतं. मी राहिले असते. दुसरी नोकरी बघितली असती. पाच महिने मी स्वतःला शिव्या घालतेय, बाबा."

"तोंडातून निघालं नाही गं. आकडा निघाला."

दोन दिवस घरात भांड्यांचाच तेवढा आवाज होता.

तिसऱ्या दिवशी सुट्टी काढून ती एकटीच इस्पितळाजवळ खोली बघायला निघाली. काका चपला घालून दारात आले. ती म्हणाली, "तुम्ही नका येऊ. माझी मी मोजते." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं काका मला म्हणाले. त्याच संध्याकाळी पायरीवर बसून त्यांनी मला हे सगळं सांगितलं. एवढ्यात गल्लीतला एकजण त्याच्या भाच्यासाठी खोलीचं विचारायला आला. काका त्याला म्हणाले, "दुसऱ्या कुणाला विचार बाबा. मला आता जमत नाही." तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला डोळ्यांनीच जा म्हटलं.

ताईला इस्पितळापासून अकरा मिनिटांवर खोली मिळाली. दुसरा मजला, एक खिडकी, खाली इस्त्रीचं दुकान.

रविवारी सकाळी मी टेंपो लावला. सामान फार नव्हतं. एक पलंग, एक कपाट, दोन पेट्या, भांड्यांचं एक पोतं. काका पुढे माझ्या शेजारी बसले. गादी मांडीवर धरून ताई मागे बसली. वाटेत पूल लागला, बाजाराचा थांबा लागला. काका खिडकीबाहेर बघत होते.

सामान वर चढवलं. काकांनी पलंगाचे चारी पाय जमिनीला टेकतात का ते बघितलं. एक पाय हलत होता, त्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा घातला. खिडकीची कडी दोनदा लावून उघडून बघितली. मग करायला काही उरलं नाही.

"चहा टाकते, बसा," ताई म्हणाली.

"नको. तुला आवरायचं असेल."

"पुढच्या रविवारी याल ना?"

"बघू."

"बघू काय, बाबा? या."

त्यांनी मान हलवली. तिच्या खांद्यावर हात ठेवला, लगेच काढून घेतला आणि जिना उतरले. मी पुढे होऊन खाली टेंपोचं दार उघडलं.

"बसा काका, सोडतो."

"तू जा. मी चालतो जरा."

"इथून घर किती लांब आहे, ठाऊक आहे ना?"

बोलून गेलो आणि जीभ चावली. काका माझ्याकडे बघून थोडं हसले, मग रस्त्याच्या कडेनं चालू लागले. हातातली पिशवी रिकामी होती, तरी तिच्यात काही असल्यासारखी त्यांनी छातीशी धरली होती.

मी वर बघितलं. ताई खिडकीत होती, हातात केरसुणी तशीच. तिनं हाक मारली नाही. पुढच्या कोपऱ्यावर काका वळले, तोवर ती बघत होती, आणि मीही.