डोलकाठी उभी करणारे कुडपणकर

कुडपणच्या भागोजीकडे म्हैस नाही, मोटारसायकल नाही, पण शिडाची बोट आहे. हे ऐकून पोलादपूरच्या बाजारात नवा माणूस हसतो. कुडपण पडलं डोंगराच्या माथ्यावर. तिथून समुद्र दिसत नाही, दिसतं ते धुकं. पण भागोजीने उमेदीची सगळी वर्षं मुंबईत एका साहेबाच्या बोटीवर खलाशी म्हणून काढली. साहेब थकला, त्याची पोरं परदेशात. एक दिवस त्याने बोट भागोजीच्या नावावर करून दिली. "भंगारात जाण्यापेक्षा तुझ्याकडे जाऊ दे," म्हणाला, आणि पाठ फिरवून निघून गेला.

बोट तशी मध्यम. आत चार माणसं झोपतील, एका कोपऱ्यात चहा होईल. भागोजीने तिचं इंग्रजी नाव खरवडून गावदेवीचं घातलं, झोलाई. पावसाळ्यात ठेवायला निवारा हवा म्हणून सावित्रीच्या खाडीत आत दासगावकडे आणली. वाटेत पूल. म्हणून मुंबईतच क्रेनने डोलकाठी उतरवून बोटीवर आडवी बांधली होती आणि एका मचव्याने बोट ओढत आणली होती. पाऊस सरला, भात झोडून झालं, थंडी गेली, तरी काठी आडवीच. बोट पुलाच्या खालच्या अंगाला न्यायला मच्छीमार तयार होते. पण तिथे काठी उभी करायला क्रेन कुठली?

"धुणं वाळत घालाय बरी हाय," बायको रंगूबाई म्हणायची. एक दिवस तिने बजावलं. "शिमग्यात उभी झाली तर ठेवा. नायतर देऊन टाका त्या मच्छीमारांना. रोज डोंगर उतरून तिला बघाय जाताव, सासरी धाडलेली पोर काय ती?"

भागोजी "बरं" म्हणाला आणि अडकला.

शिमग्याला मुंबईचे चाकरमानी गावात आले. भागोजीचा चुलतभाऊ मुरारी गावची होळी उभी करणाऱ्यांत पुढचा माणूस. डोंगरातून सावरीचं अख्खं झाड खांद्यावर आणायचं, बांबूच्या कैच्यांचा टेकू देऊन, दोर ताणून खड्ड्यात सरळ उभं करायचं, हे त्याच्या शब्दावर चालतं. भागोजीची अडचण ऐकून तो मांडी थोपटून हसला.

"अरे भागोज्या, एवढी ओली सावर उभी करतो आमी. तुझी ती पोकळ नळी. तिला काय क्रेन लागते रे?"

धुळवड झाली. रंगाची तोंडं तशीच घेऊन दोन टेम्पो भरून कुडपण खाली उतरलं. सोबत बांबू, दोर आणि हौस. मच्छीमारांनी बोट पुलाच्या खालच्या अंगाला आणून ठेवलीच होती. दुपारची भरती टम्म भरलेली. मुरारीने काठावर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, काठीच्या शेंड्याला दोर बांधला आणि सगळ्यांना काठावर उभं केलं.

"हैस्साऽ!"

काठी हातभर उचलली. मग काठी राहिली बाजूला, बोटच काठावर चालून आली. एका अंगावर कलली, धक्क्यावर धाडकन आदळली आणि वरचा कठडा वाकला. मुरारीचा पोरगा सुनील दोरासकट पाण्यात. भागोजी बोटीवर पालथा पडून ओरडत होता, "सोडा! अरे सोडा, मेल्यांनो!"

सगळे हसले. भागोजी हसला नाही. रात्रीच्या गाडीने निम्मे लोक मुंबईला परत जाणार होते.

रंगूबाई काठावर बसून भाकऱ्यांचं फडकं सोडत होती. "होळी जमिनीत रोवतात," ती म्हणाली. "पाण्यात कोण रोवतो?"

भागोजीने वाकलेल्या कठड्यावरचा हात काढला. "मुरारी, जेवून घ्या रे सगळे. ओहोटी लागू दे."

या बोटीला खाली दोन पाय होते, माशाच्या परांसारखे. पाणी गेलं की ती कलंडत नाही, म्हशीसारखी चिखलात बसते. साहेबाला त्याचं भारी कौतुक होतं. पौर्णिमेची ओहोटी ती, उन्हं कलेपर्यंत पाणी पार मागे गेलं आणि झोलाई चिखलात ठाम बसली. गुडघाभर चिखलात उतरायचं म्हटल्यावर चाकरमानी पँटी सांभाळत कुरकुरले. बाकीच्यांना लावणीचीच आठवण. चार बाजूंना चार दोर. कैच्या लावल्या. काठी उठली, थांबली, पुन्हा उठली. या खेपेला बोट हलली नाही.

"दोर सोडू नका!" भागोजी काठीच्या बुडख्याशी बसून तिला ताणून धरणाऱ्या तारा अडकवत होता. "मी सांगेपर्यंत कुणी—"

काठी सरळ झाली आणि वर्षानुवर्षांची सवय जागी झाली. होळी उभी राहिली की दोर टाकून बोंब मारायची! एका बाजूच्या पोरांनी दोर टाकला, तोंडावर हात नेले. काठी डोलली. भागोजीने मान वर केली तर शेंडा आभाळातून सरकत होता.

मग शेंडा मध्येच अडकला. त्या बाजूचं दोराचं टोक रंगूबाईने धक्क्याच्या दगडाला दोन वेढे देऊन धरलं होतं, अडेल रेडा खुंट्याला धरतात तसं, आणि टाच रोवून ती मागे रेलली होती.

"बांधा की आता! बघत काय बसलाव?"

भागोजीने तारा अडकवल्या, कसल्या, हलवून बघितल्या. मग कुणी काही न सांगता गावाने पुन्हा बोंब मारली, आणि या खेपेला ती मारायला हरकत नव्हती.

"बोट वाचवलीस गो," भागोजी म्हणाला.

"बोटीचं काय मला? तुमच्या डोक्यात पडली असती." तिने तळहात बघितले. सोलले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी भरलं तसं भागोजीने पुढचं शीड उघडलं. मागे राहिलेले पाचसहाजण बोटीत चढले होते. मुरारी एक दोर हातात घेऊन बैलाच्या कासऱ्यासारखा आवळून बसला होता. कालपर्यंत कुडपणात त्याला विचारल्याशिवाय दोर हलत नव्हता.

"किती ओढू रे?" त्याने विचारलं.

भागोजीने सुकाणू धरलं होतं. साहेबाच्या बोटीवर हा प्रश्न जन्मभर त्यानेच विचारला होता. त्याने शिडाकडे पाहिलं, पाण्यावरच्या वाऱ्याच्या सुरकुत्या पाहिल्या.

"थोडा ढिला सोड. अजून. आता धर."

शीड भरलं. झोलाई किंचित कलली, आणि मुरारीने दुसऱ्या हाताने झोलाईदेवीलाच धरावं तसा कठडा धरला. धक्क्यावरून रंगूबाई ओरडली, "जेवाय येणार का नाय?"

"ओहोटीला जाणार, भरतीला येणार," भागोजी ओरडला. "पुढच्या खेपेला तू चल!"

"आधी तो कठडा सरळ करा," ती म्हणाली, पण चिंध्या गुंडाळलेला हात वर केला.